आखाड्यावरची वीज: छोटी बॅटरी आणि सौर पॅनेल कसे निवडावे, कसे टिकवावे



अहमदपूर, चाकूर, जळकोट, लोहा, कंधार या पट्ट्यात सोयाबीन काढणीला आले की मुक्काम गावातून आखाड्यावर हलतो. आधी बनीमची राखण, मग तुरीत रानडुकरांची जागल, पुढे हरभऱ्याला रात्रीचे पाणी. सालगड्याचे कुटुंब तर बारा महिने तिथेच राहते. कृषी फीडरवरची थ्री-फेज वीज पाळीने येते आणि बऱ्याच आखाड्यांना घरगुती जोडणी नसते. मग दिवा, मोबाईल आणि पंख्यासाठी बॅटरी आणली जाते.

अडचण पुढे येते. वर्ष-दीड वर्षात बॅटरी बसते आणि कोपऱ्यात पडते. दुकानदाराला दोष देऊन दुसरी आणली जाते, तीही तशीच जाते. बहुतेक वेळा बॅटरी खराब निघालेली नसते. ती दोन कारणांनी मरते: गरजेपेक्षा लहान असल्याने रोज तळापर्यंत रिकामी होते, आणि रिकामी झाल्यावर तशीच पडून राहते. ही दोन कारणे टाळली तर साध्या बॅटरीवरही आखाड्याचे काम वर्षानुवर्षे चालते. त्यासाठीची माहिती पुढे दिली आहे.

१. आधी गरज मोजा

बॅटरी ही विहीर नाही, हौद आहे. जेवढे भराल तेवढेच निघेल. हौदाचे माप लिटरमध्ये असते, तसे बॅटरीचे माप वॅट-तासात असते. उपकरणाचे वॅट गुणिले वापराचे तास म्हणजे वॅट-तास.

एका आखाड्याची रात्रीची साधी गरज अशी धरता येते:

- एलईडी बल्ब, ५ वॅट, ६ तास: ३० वॅट-तास
- दोन मोबाईल (प्रत्येकी साधारण ५,००० एमएएच), तूट धरून: ५० वॅट-तास
- हातातली चार्जिंगची टॉर्च: १० वॅट-तास
- एकूण: ९० वॅट-तास

उन्हाळ्यात १२ वॅटचा डीसी पंखा ८ तास चालवला तर आणखी ९६ वॅट-तास लागतात. म्हणजे पंखा आला की गरज दुपटीहून जास्त होते. खरेदीपूर्वी आपली यादी कागदावर लिहावी आणि ती घेऊनच दुकानात जावे.

२. एमएएच, अँपिअर-तास आणि वॅट-तास

जाहिरातीत मोठा आकडा एमएएचचा असतो, पण त्यावरून साठा कळत नाही. व्होल्टने गुणल्याशिवाय दोन बॅटऱ्यांची तुलना होत नाही.

- २०,००० एमएएचची पॉवर बँक: आतले सेल ३.७ व्होल्टचे. २० × ३.७ = ७४ वॅट-तास. यातून तूट वजा जाता मोबाईल अडीच ते तीन वेळा भरतो.
- फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी: एमएएचमध्ये फक्त ८,०००. पण १२ × ८ = ९६ वॅट-तास.

आकडा लहान असूनही पंपाच्या बॅटरीतला साठा जास्त आहे. कोणतीही बॅटरी किंवा हँडल असलेला तयार पॉवर बॉक्स घेताना एकच प्रश्न विचारावा: वॅट-तास किती? पाटीवर तो आकडा नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-तास पाहून स्वतः गुणाकार करावा.

३. बॅटरी किती मोठी घ्यावी

जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढगाळ हवामान असते, म्हणून किमान दोन दिवसांचा साठा धरावा. त्यातही सर्व साठा वापरता येत नाही. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये. लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरीतून ८० टक्क्यांपर्यंत वापर चालतो.

वरच्या ९० वॅट-तासाच्या उदाहरणात:

- शिसे-आम्ल: ९० × २ ÷ ०.५ = ३६० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टची ३० अँपिअर-तास बॅटरी.
- लिथियम फेरोफॉस्फेट: ९० × २ ÷ ०.८ = २२५ वॅट-तास, म्हणजे १२.८ व्होल्टची साधारण १८ अँपिअर-तास बॅटरी.

पंखा धरल्यास दोन्ही आकडे दुप्पट करावेत.

४. कोणती बॅटरी घ्यावी

सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी: स्वस्त, तालुक्याच्या गावी सहज मिळते. वजनाने जड. रोज निम्मी वापरल्यास साधारण ४०० ते ५०० वेळा भरते-रिकामी होते. उष्णता सोसत नाही. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात काय होत असेल याचा अंदाज यावरून करावा.

लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी: किंमत जास्त, वजन बरेच कमी. साधारण २,००० किंवा त्याहून जास्त वेळा भरता येते. आत संरक्षक सर्किट असणे आवश्यक आहे. ते नसलेली, सुटे सेल टेपने बांधलेली बॅटरी घेऊ नये.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी: आखाड्यावर ही सर्रास दिसते. ती इंजिन सुरू करण्यासाठी, म्हणजे काही सेकंद मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ असतात. रात्रभर दिवा-पंखा चालवून ती रिकामी केली की लवकर बसते. शिवाय चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ चूल, बिडी, ठिणगी नको.

निवड वापराच्या दिवसांवर करावी. वर्षातून दोन-तीन महिने जागलीपुरता वापर असेल तर शिसे-आम्ल बॅटरी पुरते, मात्र बाकीचे महिने ती भरलेली ठेवण्याची जबाबदारी घ्यावी लागते. सालगड्याचे कुटुंब बारा महिने राहत असेल तर लिथियम फेरोफॉस्फेट शेवटी स्वस्त पडते. ऊसतोडीच्या कोपीवर किंवा शेतातून शेतात सामान हलवावे लागते तिथेही हलकी बॅटरीच सोयीची.

५. फवारणी पंपाची बॅटरी रात्री वापरावी का?

बहुतेक सोयाबीन उत्पादकांकडे बॅटरीचा फवारणी पंप असतो. त्याच बॅटरीवर रात्री दिवा लावण्याचा मोह होतो. त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, दिवसभराच्या फवारणीने ती बॅटरी आधीच बरीच रिकामी झालेली असते. वरून रात्रभर दिवा लावला की ती तळाला जाते आणि सकाळी पंप चालत नाही. फवारणीच्या दिवशी ती रात्री वापरू नये.

दुसरी आणि महत्त्वाची, पंपावर, पट्ट्यांवर आणि बॅटरीच्या खोक्यावर कीटकनाशकाचा अंश असतो. असा पंप झोपण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या जागी आणू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. बॅटरी रात्री वापरायचीच असेल तर ती पंपातून सुटी करावी, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी आणि ते फडके पुन्हा कशालाही वापरू नये. शक्य असल्यास आखाड्यासाठी वेगळी बॅटरीच ठेवावी.

तिसरी, ८ अँपिअर-तासाच्या बॅटरीला मोठे पॅनेल थेट जोडू नये. १० ते २० वॅटचे पॅनेल आणि मध्ये चार्ज कंट्रोलर पुरेसा आहे.

६. पॅनेल, कंट्रोलर आणि वायर

पॅनेलचा आकार: पावसाळ्यात दिवसाला ४ तास पूर्ण उन्हाइतकी शक्ती धरावी. धूळ, उष्णता, वायर आणि बॅटरीतील तूट वजा करून ६५ टक्के हाती येते. ९० ÷ (४ × ०.६५) = ३५ वॅट. बाजारात मिळणारे ४० किंवा ५० वॅटचे पॅनेल घ्यावे. पंख्यासह गरज असेल तर ७५ वॅट.

दिशा आणि उतार: पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे. आपला भाग साधारण १८ ते १९ अक्षांशावर आहे, तेवढाच उतार द्यावा. सोपे माप असे: पॅनेलची उतरती बाजू ३ फूट असेल तर उत्तरेकडची कड १ फूट उंच ठेवावी. लिंबाची किंवा बाभळीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन मोठ्या प्रमाणात घटते. खळ्याच्या दिवसांत भुशाची धूळ बसते, आठवड्यातून एकदा सकाळी थंड असताना साध्या पाण्याने पुसावे.

चार्ज कंट्रोलर: हा वगळू नये. बॅटरी भरली की तो चार्जिंग कमी करतो आणि बॅटरी फार उतरली की दिवा बंद करतो. दिवा आणि मोबाईल थेट बॅटरीला न जोडता कंट्रोलरच्या लोडच्या जागी जोडावेत. रात्री मध्येच दिवा बंद झाला म्हणून कंट्रोलर बाजूला काढून थेट जोडणी करणे हीच बॅटरी मारण्याची नेहमीची रीत आहे. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. लिथियम बॅटरी असेल तर कंट्रोलरमध्ये तसा पर्याय निवडावा.

वायर: १२ व्होल्टच्या जोडणीत लांब, बारीक वायरीत बरीच वीज वाया जाते. ५० वॅटच्या पॅनेलपासून १० मीटरवर बॅटरी असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरावी. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा. ३० अँपिअर-तासाच्या बॅटरीसाठी १० अँपिअरचा चालेल. बॅटरीतून शॉर्टसर्किट झाले तर फ्यूजशिवाय वायर क्षणात तापते आणि शेजारीच कडबा, बनीम असते.

इन्व्हर्टर: आखाड्यावर शक्यतो नको. छोटा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी ५ ते १० वॅट खातो. ८ वॅट धरले तरी ८ तासांत ६४ वॅट-तास गेले, म्हणजे आपला बल्ब रात्रभरात घेतो त्याच्या दुप्पट. १२ व्होल्टचा डीसी बल्ब, डीसी पंखा आणि १२ व्होल्टवर चालणारा मोबाईल चार्जर घ्यावा.

७. झटका यंत्राची बॅटरी वेगळी ठेवा

रानडुक्कर, रोही आणि हरणांसाठी झटका यंत्र वापरत असाल तर त्याला स्वतंत्र बॅटरी द्यावी. यंत्राचा सरासरी करंट ०.२ अँपिअर धरला तर १२ तासांत २.४ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे २९ वॅट-तास लागतात. आपल्या यंत्राचा आकडा पाटीवर पाहावा. त्याच बॅटरीवर बल्ब आणि मोबाईल लावले की पहाटे तीनला कुंपण मरते आणि कळप नेमका तेव्हा शिरतो. तारेला टेकलेले गवत कापावे, अर्थिंगची सळई ओलसर जागी खोल ठोकावी.

झटका यंत्र अगदी क्षणभराचा झटका थांबून थांबून देते, त्यामुळे जनावर बिचकते पण मरत नाही. लाइनवर आकडा टाकून तारेत सोडलेला करंट सलग वाहतो आणि धरलेला हात सुटत नाही. अशा तारेने शेजारचा माणूस, स्वतःचे लेकरू, बैल, कोणीही जाऊ शकते. वीजचोरी हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ खाली गुन्हा आहे, आणि जीव गेला तर गुन्हा त्याहून मोठा. यंत्रातील बॅटरी उतरली म्हणून एका रात्रीपुरतेही असे करू नये.

८. बॅटरीची तब्येत मल्टिमीटरने पाहा

साधा मल्टिमीटर जवळ ठेवावा. चार्जिंग आणि वापर दोन्ही बंद करून दोन तासांनी १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचे व्होल्ट मोजावेत:

- १२.७ व्होल्ट: पूर्ण भरलेली
- १२.४ व्होल्ट: साधारण ७५ टक्के
- १२.२ व्होल्ट: निम्मी. येथे वापर थांबवावा
- १२.० व्होल्ट: २५ टक्के. त्याच दिवशी भरावी
- ११.८ व्होल्ट किंवा कमी: रिकामी. आता प्रत्येक दिवस नुकसानीचा

रिकाम्या शिसे-आम्ल बॅटरीत पट्ट्यांवर शिसे सल्फेटचे कठीण खडे बनतात. सुरुवातीला ते चार्जिंगने विरघळतात, आठवडे गेले की विरघळत नाहीत. तेवढी जागा कायमची निकामी होते. हंगाम संपल्यावर रिकामा पंप माळ्यावर टाकला आणि जूनमध्ये काढला की तो चालत नाही, त्याचे कारण हेच.

लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरीचे व्होल्ट बराच वेळ एकाच पातळीवर राहतात, म्हणून फक्त व्होल्टवरून तिचा साठा ओळखता येत नाही. दीर्घकाळ ठेवायची असल्यास निम्म्याहून थोडी जास्त भरून, सर्व जोडण्या काढून सावलीत ठेवावी.

९. हंगामानुसार कामे

- जून: पेरणीपूर्वी बॅटरी पूर्ण भरून व्होल्ट तपासावेत, टोकांवरचा पांढरा-हिरवा थर साफ करावा.
- जुलै-ऑगस्ट: ढगाळ दिवस. पंखा बंद, दिवा गरजेपुरता. सलग दोन दिवस ऊन नसेल तर बॅटरी गावात आणून चार्जरवर भरावी.
- सप्टेंबर-ऑक्टोबर: काढणी आणि बनीमची राखण. फ्यूज आणि वायरी तपासाव्यात, बॅटरी बनीमपासून दूर ठेवावी.
- नोव्हेंबर-फेब्रुवारी: हरभऱ्याचे रात्रीचे पाणी. टॉर्च रोज भरावी. पॅनेल धुवावे.
- मार्च-मे: बॅटरी शेडच्या पत्र्याखाली न ठेवता मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळीवर ठेवावी. न वापरातली फवारणी पंपाची बॅटरी महिन्यातून एकदा पूर्ण भरावी. तारीख भिंतीवर खडूने लिहावी.

१०. घ्यावयाची काळजी

- बॅटरी खाटेखाली, उशाशी किंवा कडब्याजवळ ठेवू नये. हवा खेळती असावी, मुलांचा हात पोहोचू नये.
- लिथियम बॅटरीला शिसे-आम्लाचा चार्जर लावू नये. फुगलेली, ओली झालेली किंवा आपटलेली बॅटरी चार्ज करू नये.
- विजांचा कडकडाट सुरू होण्यापूर्वी पॅनेलची वायर काढून ठेवावी. सुरू झाल्यावर वायरीला हात लावू नये आणि झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देते, पण त्यासाठी मोबाईल चार्ज असायला हवा.
- बल्ब दारावर न लावता दारापासून थोडा दूर लावावा. प्रकाशाला किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि त्यांच्यामागे साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि अनेकदा चावल्याचे जाणवतही नाही. खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे. पाणी द्यायला जाताना बूट आणि टॉर्च सोडू नये.
- निकामी बॅटरी फोडू नये, आम्ल बांधावर ओतू नये. शिसे विषारी आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराकडे द्यावी. शिसे-आम्ल बॅटरीला मोडीचा भावही मिळतो.

११. विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतीशाळेत या विषयासाठी अर्धा तास पुरतो. शेतकऱ्यांना घरातील फवारणी पंपाच्या बॅटऱ्या आणायला सांगावे. एका मल्टिमीटरने सर्वांच्या समोर व्होल्ट मोजून आकडा खडूने बॅटरीवर लिहावा. किती बॅटऱ्या १२ व्होल्टच्या खाली आहेत हे गटाने स्वतः पाहिले की वेगळे सांगावे लागत नाही. नंतर प्रत्येकाकडून आपल्या आखाड्याची वॅट-तासाची यादी लिहून घ्यावी. पुढच्या महिन्याच्या शेतीशाळेत त्याच बॅटऱ्या पुन्हा मोजाव्यात. महिलांना या प्रात्यक्षिकात जरूर घ्यावे. आखाड्यावर दिवा, मोबाईल आणि स्वयंपाकाची वेळ बहुधा त्याच सांभाळतात.

थोडक्यात

गरज वॅट-तासात लिहा. दोन दिवसांचा साठा धरा. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवू नका. आज वापरली तर उद्याच्या उन्हात भरा. कंट्रोलर आणि फ्यूज काढू नका. फवारणीचा पंप झोपायच्या जागी आणू नका.

आणि एक सवय घरातल्या सर्वांना लावा: रात्री दिवा विझवण्याआधी एक मोबाईल पूर्ण चार्ज करून बाजूला ठेवायचा. त्यावर गाणी नाहीत, व्हिडिओ नाहीत. अपरात्री पान लागले, कोणाला कळा सुरू झाल्या किंवा बनीमला आग लागली, तर १०८ ला किंवा गावात फोन त्याच मोबाईलवरून लागणार आहे.